प्रश्न वाचकांचे : गावाची बर्फाची टेकडी

या वेळच्या टपालात एकाच विषयावरची सहा पत्रे आहेत. अमळनेरच्या एका निवृत्त शिक्षिकेने अमेरिकेत पाहिलेल्या एका बंद टेकडीची हकीकत आपल्या वाचकमंडळात सांगितली आणि बाकीचे प्रश्न तिच्यातूनच निघाले, असे दिसते. पत्रे आटोपशीर केली आहेत; लिहिणाऱ्यांचे म्हणणे बदललेले नाही.

प्रश्न : मागच्या वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर मी मुलीकडे व्हरमाँट राज्यात होते. तिच्या गावामागे एक टेकडी आहे. पूर्वी लोक तेथे बर्फावरून घसरत, म्हणजे स्कीइंग करीत. आता माणसांना वर नेणाऱ्या तारेवरच्या खुर्च्या गंजून लटकल्या आहेत. दर शनिवारी आमचे जावई करवत घेऊन शेजाऱ्यांबरोबर तेथे झुडपे तोडायला जात आणि 'टेकडी पुन्हा सुरू करायची आहे' असे सांगत. इतक्या श्रीमंत देशात अशी टेकडी बंद का पडते, आणि पडलीच तर नोकरदार माणसे तिच्यासाठी सुट्टीचा दिवस का घालवतात? (ता. क. पुढच्या हिवाळ्यात मी पुन्हा जाणार आहे. माझे वय ६६. मला तेथे काही काम करता येईल का?)
— निवृत्त शिक्षिका, अमळनेर

उत्तर : या टेकड्यांची सुरुवात श्रीमंतीतून झालेली नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. जानेवारी १९३४ मध्ये व्हरमाँटमधील वुडस्टॉक गावी एका शेतकऱ्याच्या कुरणात लांबलचक दोराचे एक वेटोळे वर-खाली दोन चाकांवरून फिरवले गेले आणि त्याला फोर्ड मॉडेल-टी मोटारीचे इंजिन जोडले गेले. अमेरिकेतील हा पहिला 'रोप-टो'. ज्यांनी मोटेचा नाडा चाकावरून सरकताना पाहिला आहे त्यांना यंत्र समजावून सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच की नाड्याला मोट बांधलेली असे आणि येथे माणूस स्वतःच दोर धरून ओढला जातो. दोर एकदम आवळून धरला तर खांद्याला हिसका बसून माणूस तोंडावर पडतो. म्हणून आधी मूठ सैल ठेवून दोर हातमोज्यातून सरकू द्यायचा, मग हळूहळू आवळायचा, आणि पायांना बांधलेल्या घसरण्याच्या लांब पट्ट्या, म्हणजे स्की, सरळ ठेवून गुमान वर जायचे. चार दिवसांत हातमोज्याच्या तळव्याला भोक पडते, म्हणून जाणती मंडळी त्यावर चामड्याचे आणखी एक आवरण चढवतात.

एवढ्या थोडक्या भांडवलात काम होते हे दिसल्यावर, जेथे उतार, बर्फ आणि एक जुने इंजिन होते तेथे टेकडी उभी राहिली. कोठे शाळेने चालवली, कोठे अग्निशमन दलाच्या मंडळींनी, तर कोठे दूधवाल्या शेतकऱ्याने हिवाळ्यातला जोडधंदा म्हणून. पुढे यातल्या बहुतेक बुडाल्या. ईशान्येकडच्या 'न्यू इंग्लंड' म्हणवल्या जाणाऱ्या सहा राज्यांत मिळून बंद पडलेल्या अशा ६००हून अधिक जागांची नोंद अभ्यासकांनी केली आहे. साऱ्या अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या आरंभी सातशेहून अधिक स्की-केंद्रे चालू होती. आज ती पाचशेच्या आत आली आहेत.

कारणे एकात एक गुंतलेली आहेत. १९३६ मध्ये आयडाहो राज्यातील सन व्हॅली येथे पहिली खुर्ची-लिफ्ट आली. जहाजावर केळीचे घड चढवण्याच्या यंत्रावरून एका अभियंत्याला ती सुचली, हे जळगाव जिल्ह्यातील वाचकांना कळावे म्हणून मुद्दाम नोंदवतो. खुर्चीत बसून वर जायची सवय लागल्यावर दोराला लटकणे कोणाला आवडणार? मोठ्या केंद्रांनी खुर्च्या लावल्या, छोट्यांनी कर्ज काढून त्यांची बरोबरी करू पाहिली, आणि पुढे लागोपाठ दोन हिवाळे कोरडे गेले की हप्ते थकले. त्यातच विम्याचे संकट आले. व्हरमाँटमधील एका मोठ्या केंद्रावर जखमी झालेल्या तरुणाला १९७७ मध्ये ज्यूरीने १५ लाख डॉलरांची भरपाई दिली आणि पुढच्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. खेळात मुळातच असलेला धोका खेळणाऱ्याने पत्करलेला असतो, असा कायदा राज्याने ज्यूरीच्या निकालानंतर केला खरा. परंतु तोवर विम्याचे हप्ते असे वाढले होते की दोन-तीनशे तिकिटांवर हंगाम काढणाऱ्या टेकडीला ते पेलवेनात. अलीकडे एकाच पासावर डझनावारी मोठ्या केंद्रांत खेळण्याची सोय निघाल्यापासून लांबचे गिऱ्हाईकही त्यांच्याकडेच वळले आहे.

आता आपले जावई शनिवार का घालवतात? मोठ्या केंद्रावर चौघांचे कुटुंब एक दिवस न्यायचे तर साध्या पगारदाराच्या खिशाला ते सोसत नाही. गावच्या टेकडीवर मात्र शाळा सुटल्यावर मूल पायी जाऊ शकते. त्या राज्यातील रिचमंड गावात १९६१ मध्ये एका कुटुंबाने घरामागच्या उतारावर कॉक्रन्स नावाची छोटी टेकडी सुरू केली. त्या घरची मुलगी बार्बरा अ‍ॅन कॉक्रन हिने १९७२च्या सापोरो ऑलिम्पिकमध्ये स्लॅलम प्रकारात सुवर्णपदक मिळवले. ती टेकडी आज ना-नफा संस्था म्हणून चालते आणि आजही तिचे मुख्य काम लहान मुलांना शिकवणे हेच आहे. शिवाय अशा प्रदेशात हिवाळा पाच महिन्यांचा असतो. तेवढ्या काळात गावकऱ्यांनी एकमेकांना भेटण्याची जागा गेली, तर माणसे एकमेकांना ओळखत असूनही बोलेनाशी होतात. आपण पाहिलेली करवत यासाठीही चालत असावी.

प्रश्न : आमच्याकडे पांझरेवर फड होते, वडील पाटकरी होते. ताईंची हकीकत ऐकून मला आमच्या पाटाची साफसफाई आठवली. परगावचा माणूस मालक नसताना या टेकडीचे काम कोण वाटून देतो, आणि कोणी आलाच नाही तर काय करतात?
— शेतकरी, साक्री तालुका

उत्तर : आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण या विषयाचे मर्म पैशापेक्षा येथे अधिक आहे.

ज्या वाचकांना फड पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखाली भिजणारे ठरलेले क्षेत्र म्हणजे थळ. थळाचे सामान्यतः चार फड पाडलेले असत आणि शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडीथोडी असे. एका फडात एका वर्षी एकच प्रकारचे पीक. पाणी सोडण्यासाठी पाटकरी, शेतात पाणी भरण्यासाठी बारेकरी, राखणीला जागल्या, सर्वांवर देखरेखीला हवालदार. यांचा मोबदला बहुधा धान्याच्या रूपाने मिळे. पावसाळ्यानंतर पाटातला गाळ काढायला घरटी माणूस यावाच लागे. ही व्यवस्था किमान तीनशे वर्षे चालली. तिच्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट मला अशी वाटते की, ज्या वर्षी पाणी कमी त्या वर्षी एखादा फड पड ठेवला जाई. जमीन प्रत्येक फडात विभागलेली असल्यामुळे तोटा एकावर पडत नसे, सर्वांवर सारखा पडे, आणि म्हणूनच लोक तो मान्य करीत.

आता व्हरमाँटमधील अ‍ॅस्कटनी डोंगराची गोष्ट पाहा. तेथील स्की-केंद्र कर्जात बुडून २०१० मध्ये बंद पडले आणि लिफ्टा विकून नेल्या गेल्या. पायथ्याच्या वेस्ट विंडसर या हजार-बाराशे वस्तीच्या गावात घरांचे भाव उतरले, दुकान बंद पडले. २०१४ मध्ये गावाने मतदान करून तो डोंगर विकत घेण्याचे ठरवले. 'ट्रस्ट फॉर पब्लिक लँड' या संस्थेच्या मदतीने सुमारे ४६९ एकर जमीन गावाच्या मालकीची झाली आणि तिच्यावर पुढे बांधकामे होऊ नयेत अशी कायमची अट घालण्यात आली. टेकडी चालवण्यासाठी 'अ‍ॅस्कटनी आउटडोअर्स' नावाची ना-नफा संस्था उभी राहिली.

त्यांनी जुने केंद्र पुन्हा उभे केले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. पूर्वीच्या केंद्राचा उतार सुमारे १,८०० फूट उंचीचा होता. नव्या संस्थेने आधी फक्त एक दोर लावला. काही वर्षांनी टी-बार, म्हणजे दोन माणसांनी कमरेला टेकवून वर जायचा उलट्या टी अक्षराच्या आकाराचा आकडा, बसवला. तोही साडेचारशे फुटांच्या आतबाहेर उंचीपर्यंतच जातो. वरचा सारा डोंगर ज्याला पायी चढायचा आहे त्याने चढावा. बर्फ बनवणारी यंत्रे त्यांनी घेतली नाहीत. आभाळातून पडेल तेवढ्यावर हंगाम. उन्हाळ्यात त्याच डोंगरावर सायकलींसाठी आणि चालण्यासाठी स्वयंसेवकांनी आखलेल्या पायवाटा आहेत, त्यामुळे बर्फ नसताना जागा ओस पडत नाही. गावातले बंद पडलेले दुकानही पुन्हा उघडले. थोडक्यात, साक्रीच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी चारांपैकी तीन फड पड ठेवले आणि एकच भिजवला.

काम वाटण्याची रीत सर्वत्र साधारण सारखी असते. पडताळणी, दोराचे सांधे, इंजिन, प्रथमोपचार ही जाणकारांची कामे. त्यांत हौशी माणसाला हात घालू देत नाहीत, आणि हंगामाआधी सरकारी निरीक्षक यंत्र तपासून जातो. झुडपे तोडणे, तिकिटे फाडणे, मुलांचे हातमोजे शोधून देणे, संध्याकाळी दिवे बंद करणे ही सर्वांची कामे. ईस्ट कॉरिंथ गावातील 'नॉर्थईस्ट स्लोप्स' ही टेकडी १९३६ पासून अशीच स्वयंसेवकांच्या बळावर चालत आली आहे.

जो येत नाही त्याचे काय? येथे फड आणि टेकडी यांत मोठा फरक आहे. गाळ काढायला न आलेल्याचे पाणी हवालदार अडवू शकत असे. बर्फ कोणाचा अडवणार? या संस्थांजवळ शिक्षा नाही, फक्त भिडेचे बळ आहे. म्हणून त्यांचा खरा शत्रू पैशाची टंचाई नसून थकवा असतो: पहिल्या वर्षी चाळीस माणसे, पाचव्या वर्षी तीच सहा. आपल्याच तालुक्यातील बारीपाड्याने जंगल राखताना ही अडचण ओळखली होती. चैत्राम पवार आणि त्यांच्या गावकऱ्यांनी सुमारे ११०० एकर वन राखले ते नुसत्या आवाहनावर नव्हे, तर राखणदार आणि दंड दोन्ही ठरवून. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली हे वाचकांना ठाऊक असेलच.

प्रश्न : अमेरिकेत एक डोंगर लोकांनी शेअर काढून विकत घेतला असे ऐकले. त्याचे शेअर आपल्याला घेता येतील का? लाभांश किती मिळतो?
— एक गुंतवणूकदार, अमळनेर

उत्तर : अमळनेरच्या वाचकाने हा प्रश्न विचारावा यात नवल नाही. १९४५ मध्ये ज्या गावात वनस्पती तेलाची कंपनी निघाली, जिचे समभाग घरोघरी घेतले गेले आणि पुढे जिचे नाव विप्रो झाले, त्या गावात 'शेअर' या शब्दाला वेगळाच सुगंध आहे.

आपण म्हणता तो डोंगर म्हणजे व्हरमाँटमधील मॅड रिव्हर ग्लेन. १९९५ मध्ये मालकिणीकडून तो तेथे खेळणाऱ्यांच्याच सहकारी संस्थेने घेतला. परंतु हा भाग घेऊन लाभांश मिळत नाही. उलट भागधारकाने दरवर्षी ठरावीक रकमेची तिकिटे किंवा अन्य सेवा आगाऊ विकत घ्याव्यात, अशी अपेक्षा असते. म्हणजे पैसे देऊन पुन्हा पैसे देण्याचा हक्क मिळवायचा. त्याच्या मोबदल्यात मत मिळते, आणि त्या मताला वजन आहे. तेथली १९४८ची एकेकाच माणसाची खुर्ची-लिफ्ट जीर्ण झाली तेव्हा दुहेरी खुर्च्या लावणे शक्य होते. सभासदांनी जुनीच दुरुस्त करायची ठरवली आणि २००७ मध्ये ती नव्याने उभी केली. कारण सरळ आहे: एकेक माणूस वर गेला तर उतारावर गर्दी होत नाही. स्नोबोर्डला, म्हणजे दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर ठेवून घसरण्याला, तेथे आजही बंदी आहे. ती योग्य की अयोग्य यावर वाद आहेत आणि मला स्वतःला ती थोडी हट्टी वाटते. गुंतवणूक म्हणून विचारत असाल तर, दादा, बँकेतली मुदतठेव बरी.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. बर्फ पडत नसेल तर यंत्राने बनवून टेकडी चालवावी, इतके सोपे उत्तर असताना टेकड्या बंद का पडतात?
— विद्यार्थी, जळगाव

उत्तर : यंत्र आहे आणि १९५० पासून आहे, कनेक्टिकट राज्यातील तिघा अभियंत्यांनी ते बनवले. दाबाखालची हवा आणि पाणी एका तोंडातून फवारले की सूक्ष्म थेंब खाली पडता पडता गोठतात. अडचण हवेची आहे. नुसते तापमापक शून्यावर असून भागत नाही, 'ओल्या बल्बचे', म्हणजे ओले फडके गुंडाळलेल्या तापमापकाने दाखवलेले, तापमान साधारण उणे दोन अंशांच्या खाली असावे लागते. हे समजायला जळगावकराला प्रयोगशाळा नको. मे महिन्यात आपला वाळ्याचा कूलर गार हवा देतो, कारण हवा कोरडी असते आणि पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते. तोच कूलर मुंबईत नेला की नुसता दमट वारा देतो. बर्फाच्या फवाऱ्याचे तसेच आहे. हवा कोरडी असेल तर शून्य अंशालाही काम होते, दमट असेल तर उणे एकलाही थेंब पाणी होऊनच जमिनीवर पडतो.

मग पाणी. एक घनमीटर पाण्यापासून दोन-अडीच घनमीटर बर्फ होतो. एक एकर उतारावर एक फूट थर हवा असेल तर सुमारे पाच ते सहा लाख लिटर पाणी लागते. आपल्या हिशेबाने दहा हजार लिटरचे पन्नास ते साठ टँकर, आणि तेही एकाच एकराला. त्यासाठी तळे, पंप, नळ, कॉम्प्रेसर आणि वीज हे सारे आले. छोट्या टेकडीने हे घेतले तर कर्ज, नाही घेतले तर आभाळाचा भरवसा. न्यूयॉर्क राज्यातील बिग टपर ही टेकडी १९९९ मध्ये बंद झाली होती. २००९च्या अखेरीस गावकऱ्यांनी ती पदरमोड करून पुन्हा चालू केली. बर्फाची यंत्रणा नव्हती. २०११-१२चा हिवाळा साऱ्या ईशान्य अमेरिकेत उबदार गेला, आणि आणखी थोडी धडपड करून टेकडी पुन्हा बंद पडली. अ‍ॅस्कटनीलाही यंत्रणा नाही, तरी ती टिकून आहे. मला दिसणारे कारण इतकेच की बर्फ नसलेल्या महिन्यात तिचा खर्च जवळजवळ शून्यावर आणता येतो आणि सायकलवाले तोवर डोंगर जागता ठेवतात. आपण अभियंता होणार आहात. यंत्राच्या क्षमतेआधी ते बंद असताना दरमहा किती खाते, हे मोजायची सवय लावून घ्यावी.

प्रश्न : तोरणमाळला थंडीत दवबिंदू गोठतात. तेथे स्कीइंग सुरू करता येईल का?
— वाचक, शहादा

उत्तर : नाही. पानावर गोठलेले दव ऊन पडताच वितळते. बर्फ पाहायचा असेल तर औली किंवा गुलमर्गला जावे. तोरणमाळला यशवंत तलावाकाठी शेकोटी पुरेशी आहे.

प्रश्न : आमच्या गावची तालीम दहा वर्षे बंद आहे. मुले मोबाइलवर असतात. आम्ही सात-आठ जणांनी वर्गणी काढायचे ठरवले आहे. या टेकड्यांच्या अनुभवातून आम्ही काय घ्यावे?
— तरुण मंडळ, शिरपूर तालुका

उत्तर : वर्गणी थोडी थांबवा. आधी ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ मध्ये ती मिळकत कोणाच्या नावे आहे ते पाहा. अ‍ॅस्कटनीच्या लोकांनी दोर लावण्याआधी जमीन गावाच्या नावे केली, हा क्रम उलटा झाला असता तर त्यांचे श्रम पुढच्या मालकाच्या खिशात गेले असते. जागा एखाद्या जुन्या वस्तादांच्या घराण्याची असेल, तर त्या घरातल्या थोरल्यांना बरोबर घेतल्याशिवाय कुलूप उघडू नका. मंडळाची संस्था म्हणून नोंदणी आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयातील नोंद करून घ्या. देणगीदार पुढे तेच विचारतात.

दुसरे, मॅट आणि व्यायामाच्या यंत्रांच्या मागे लागू नका. हौद्यातली माती आधी खणा. दहा वर्षे न हललेली माती दगडासारखी झालेली असते. ती चाळून, ताक, तेल, हळद घालून पुन्हा कुस्तीजोगी करायला पैसा फार लागत नाही, पण रोज पहाटे फावडे धरणारे दोन हात लागतात. ते दोन हात कोणाचे, हे आठवड्याच्या सात वारांसमोर सात नावे लिहून भिंतीवर लावा. नावे भरली नाहीत तर तालीम आठवड्यातून तीनच दिवस उघडी ठेवा. परंतु त्या तीन दिवशी ती उघडलीच पाहिजे. मूल एकदा बंद दारावरून परतले की पुन्हा येत नाही. आणि पावसाळ्यापूर्वी कौले पाहून घ्या.

राहिली शिक्षिकाबाईंची ताजा कलमातील शंका. ताई, आपल्याजोगे काम तेथे निश्चित आहे. प्रत्येक टेकडीच्या पायथ्याशी एक शेगडीची खोली असते. थंडीने कुडकुडलेली मुले तेथे हात शेकायला येतात आणि गरम सूप, चॉकलेट, खायचे काहीतरी विकले जाते. बऱ्याच छोट्या टेकड्यांच्या जमाखर्चात या खोलीचा वाटा मोठा असतो आणि तेथे माणसांची टंचाई नेहमीचीच. मुलीला आधी विचारून घ्यावे, कारण खाद्यपदार्थ विकण्याचे स्थानिक नियम असतात. भरीत करावे असा विचार मनात आला असेल, तर एक सूचना: तेथील दुकानात मिळणारी मोठी, काळी-जांभळी वांगी जाड सालीची आणि पाणचट असतात, त्यांना बामणोदच्या वांग्याची चव येत नाही. मंद आचेवर जास्त वेळ भाजून, पाणी निथळू देऊन मग ठेचावीत. हिरवी मिरची तिथल्या मुलांच्या मानाने निम्मी घालावी.